बॅटरीचा चातुर्मास

चिखलीत राहणाऱ्या माणसाला भरून ठेवायचं वेड असतं आणि आमच्या घरात ते जरा जास्तच आहे. नळाला पाणी आलं की पिंप, हंडे, कळश्या, बादल्या तर भरायच्याच, वर चहाची पातेलीसुद्धा. लाईट आली की इन्व्हर्टर, मोबाइल, टॉर्च, जे म्हणून वायरीला लटकेल ते लटकवायचं. मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क. घरी पोचेपर्यंत नळ येऊन गेलेला असतो, तरी घरात एक भांडं रिकामं सापडायचं नाही, कारण आमचे हे, अनंतगुरुजी, घरात असतात. लग्न, मुंज, वास्तुशांत हा त्यांचा व्यवसाय आणि भरणं हा त्यांचा छंद. पूजेला रिकामा कलश चालत नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य. ते त्यांनी कलशापुरतंच ठेवलं असतं तर आमच्या लेकीवर ती वेळ आली नसती.

आमची लेक गार्गी लग्नांचं ड्रोन शूटिंग करते. बाप खाली मंगलाष्टकं म्हणतो आणि लेक वरून ती टिपते, असा आमचा घरगुती उद्योग आहे. ड्रोन तिने जुना, सेकंडहँड घेतला होता. नव्या, महागड्या ड्रोनच्या बॅटऱ्या म्हणे न वापरता पडून राहिल्या की आपणहून थोड्या उतरतात. गार्गीच्या बॅटऱ्यांना ती अक्कल नव्हती. लिथियम पॉलिमरच्या साध्या बॅटऱ्या, साबणाच्या वडीपेक्षा थोड्या मोठ्या, वरून मऊसर वेष्टन आणि बाहेर वायरींचं शेपूट. जशा ठेवाल तशा राहणार.

आता लग्नांचा धंदा हा देवाच्या झोपेवर चालतो. आषाढी एकादशीला देव झोपले की लग्नं बंद, ती थेट तुळशीचं लग्न लागेपर्यंत. गेल्या वर्षी हे रिकामे महिने वाया जाऊ नयेत म्हणून गार्गी पुण्याला माझ्या भावाकडे एडिटिंग शिकायला गेली. जाताना तिने वडिलांना चार्जर दाखवला, कुठली वायर कुठे लावायची, हिरवा दिवा कधी लागतो ते सांगितलं आणि म्हणाली, बाबा, बॅटऱ्या सांभाळा. सांभाळणं म्हणजे काय, हे तिनेही सांगितलं नाही आणि यांनीही विचारलं नाही.

यांनी त्या पोटच्या पोरासारख्या सांभाळल्या. उंदीर लागू नयेत म्हणून पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवल्या. लाईट आली की खाली काढून पूर्ण भरायच्या आणि पुन्हा वर. ऑक्टोबरच्या उन्हात तो पत्रा असा तापतो, की माळ्यावर पापड भाजून निघावेत. खंडेनवमीला त्या चारही बॅटऱ्या समईशेजारी मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलं, अर्थात तुडुंब भरून. दिवाळीच्या सुमारास गार्गीचा फोन आला तेव्हा यांनी कौतुकाने सांगितलं, की चारही चांगल्या बाळसेदार झाल्यात, अंग धरलंय त्यांनी. गार्गीला वाटलं बाबा थट्टा करतायत. ते थट्टा करत नव्हते. बॅटऱ्या फुगल्या होत्या.

ती परत आली ती तुळशीच्या लग्नाच्या तोंडावर. पहिलंच लग्न सुलतानपूरला, पंजाबरावांच्या थोरल्या मुलीचं, प्रेरणाचं. पंजाबराव कापूस-सोयाबीनवाले मोठे शेतकरी, तीन पिढ्यांचे आमचे यजमान. त्यातल्या त्यात कमी फुगलेली बॅटरी गार्गीने दाबून बसवली आणि घाईघाईत उडवली. अंतरपाट धरलेला, यांचं मंगलाष्टक रंगात आलेलं आणि वरून तो ड्रोन एकदम दमल्यासारखा खाली यायला लागला. तिने खूप खटपट केली. तो मांडवाच्या कापडावर टेकला, घसरला आणि आचाऱ्याच्या मांडीशी ठेवलेल्या पापडांच्या टोपल्यात जाऊन पडला. कुणाला लागलं नाही. पण पापडांचा जो आवाज झाला तो मंगलाष्टकापेक्षा मोठा होता आणि सगळा मांडव नवरा-नवरी सोडून टोपल्याकडे बघून हसला.

त्या दिवसापासून गार्गीचं नाव पापडवाली पडलं आणि ते मलकापूरपर्यंत पोचलं. त्या हंगामात तिला कामं मिळाली ती बोटावर मोजण्याइतकी, तीही यांच्या शब्दाखातर. नव्या बॅटऱ्या आणल्या, ड्रोन दुरुस्त केला, पण लोक फोनवर आधी हसायचे आणि मग कळवतो म्हणायचे. माझ्या भावाने पुण्यात तिच्यासाठी एका ऑफिसात जागा बघून ठेवली. मी तिला स्पष्ट सांगितलं, की आणखी एक संधी. यंदा तुळशीच्या लग्नानंतरचं पहिलं लग्न धड निभावलंस तर तू आणि तुझा ड्रोन, मी मध्ये पडणार नाही. पुन्हा पडला तर ड्रोन विकायचा आणि मामाकडे जायचं. गार्गीने मान हलवली. तिला पुण्याला जायचं नव्हतं, हे मला तिच्या मान हलवण्यातच कळलं आणि खरं सांगायचं तर तिने जावं असं मलाही वाटत नव्हतं. पण लेक गावभर हसू होऊन राहते, हे आईला बघवत नाही.

बॅटऱ्या फुगल्या कशाने, हे गार्गीने शोधून काढलं. बाहेरच्या जाणकारांना फोन केले, वाचलं, व्हिडिओ बघितले. भरलेली बॅटरी नुसती पडून राहिली की आतल्या आत बिघडते, आत वायू धरतो आणि ती फुगते. उष्णता मिळाली की आणखी लवकर. उलट पार रिकामी ठेवली तर ती कायमची झोपते, पुन्हा उठतच नाही. ठेवायची ती निम्मी भरून, थंड आणि कोरड्या जागी. हे तिने वडिलांना सांगितलं आणि घरात अबोला सुरू झाला.

यांना ते फार लागलं. एवढी निगा राखली, पूजा केली आणि शेवटी गुन्हेगार आपणच. त्यातून फुगलेल्या बॅटऱ्यांचं काय करायचं यावर आणखी वाजलं. पूजेची वस्तू कचऱ्यात जाऊ द्यायची नाही, पैनगंगेत विसर्जन करू, असं यांचं म्हणणं. गार्गी म्हणाली, त्या पाण्यात टाकायच्या नाहीत, टोचायच्या नाहीत, चुलीजवळही न्यायच्या नाहीत, पेट घेतात. तिने त्या वाळूच्या कुंडीत अंगणात ठेवल्या आणि इलेक्ट्रॉनिक कचरा गोळा करणाऱ्यांची गाडी आली तेव्हा त्यांच्या हवाली केल्या. यांनी दारात उभं राहून लांबूनच अक्षता टाकल्या. मी हसले, तर माझ्याशीही अबोला.

हा अबोला सुटला तो यंदाच्या आषाढीला. चातुर्मासात आमचे गुरुजी एकभुक्त असतात, दिवसातून एकदाच जेवतात. त्यांच्या या व्रताने मला दरवर्षी वैताग येतो, कारण उरलेला वेळ ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून काय शिजतंय ते विचारत असतात. त्या दिवशी मी असंच काहीतरी टोचून बोलले. ते गार्गीला ऐकू जाईल अशा बेताने मला समजावायला लागले, की या महिन्यांत प्रवास नाही, कार्यं नाहीत, हिंडणंफिरणं नाही, बसून राहणाऱ्या माणसाने पोटभर खाल्लं तर अंगाला बाधतं. पार उपाशीही राहायचं नाही, शरीर खचतं. अर्धपोटी राहावं, म्हणजे देव उठले की माणूस ताजातवाना कामाला लागतो.

गार्गी चार्जरच्या वायरी गुंडाळत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा, मी वर्षभर हेच सांगतेय तुम्हाला. त्यांनाही चातुर्मास पाळू द्या."

 गुरुजी पाटावरून उठले, हात धुतले आणि तिच्यासमोर येऊन बसले. निम्मी म्हणजे नेमकी किती, ते दाखव म्हणाले.

तिने दाखवलं. त्या चार्जरमध्ये साठवणीची वेगळी सोय असते, ती निवडली की तो बॅटरी जास्त असेल तर उतरवतो, कमी असेल तर चढवतो आणि मध्यावर आणून थांबतो. बॅटरीच्या प्रत्येक कप्प्याचा आकडा पडद्यावर दिसतो. तो तीन पूर्णांक आठ व्होल्टच्या आसपास असला पाहिजे आणि सगळ्या कप्प्यांचा सारखा. यांना आकड्यांची आवड फार, तिथी-नक्षत्रांची गणितं करण्यात आयुष्य गेलेलं. त्यांना हे पटलं, एवढंच नाही तर चढलं.

मग जागा शोधायची मोहीम निघाली. माळा बाद. मी फ्रिज सुचवला, दह्याच्या शेजारी जागा होती. गार्गी म्हणाली, आत ओल धरते, बाहेर काढल्यावर पाणी सुटतं, नकोच. शेवटी कोठीच्या खोलीतली उत्तरेकडची भिंत ठरली. तिथे ऊन येत नाही, फरशी बाराही महिने गार असते आणि आजूबाजूला कागद, कापड, रॉकेल काही नाही. वायरींच्या टोकांना चिकटपट्टी लावून प्रत्येक बॅटरी आग न धरणाऱ्या पिशवीत घातली आणि त्या पिशव्या पत्र्याच्या पेटीत. पेटीचं झाकण घट्ट लावायचं नाही, नुसतं टेकवायचं. पेटी यांनी स्वतःची दिली. त्यात त्यांचं ठेवणीतलं सोवळं असायचं, ते माझ्या साड्यांच्या कपाटात आलं आणि माझ्या साड्या कुठे गेल्या ते विचारू नका.

महिन्यातून एकदा तपासलं तरी पुरे, असं गार्गी म्हणाली. हे म्हणाले, महिन्याची आठवण राहत नाही, एकादशीची राहते. तेव्हापासून दर एकादशीला, पूजा आटोपली की गुरुजी कोठीत जायचे, पेटी उघडायचे, एकेक बॅटरी तळहातावर घेऊन दोन्ही बाजूंनी बघायचे, कुठे फुगवटा आहे का ते अंगठ्याने हलकेच चाचपायचे, मग चार्जरला लावून आकडे मोठ्याने वाचायचे. श्रावणात एक बॅटरी किंचित उतरली, तर तिला तेवढ्यापुरतं चढवलं. ती चढेपर्यंत हे स्टूल टाकून समोर बसून होते. चार्जिंगला लावलेली बॅटरी एकटी सोडायची नाही, हे गार्गीचं वाक्य त्यांनी असं उचललं होतं, की मला दूध उतू गेल्याबद्दलही तेच ऐकावं लागलं.

खरी परीक्षा खंडेनवमीला आली. यांच्या थोरल्या बहीण सिंधूताई त्या दिवशी आमच्याकडे असतात. पूजेत बॅटऱ्या मांडलेल्या बघून त्यांनी सहज विचारलं, भरल्यात ना रे. हे म्हणाले, निम्म्या आहेत. सिंधूताईंचा चेहरा पडला. आपल्या घरात सणाच्या दिवशी अर्धं भांडं देवापुढे ठेवायचं, हे त्यांना बघवेना. आईच्या वेळी असं नव्हतं, इथपर्यंत बोलणं गेलं. गेल्या वर्षीचे गुरुजी असते तर उठून चार्जर आणला असता. यंदाचे गुरुजी शांतपणे म्हणाले, "ताई, व्रत चालू आहे त्यांचं. मोडायला लावू नये."  सिंधूताईंनी बॅटऱ्यांना हळदकुंकू वाहायला हात पुढे केला तेव्हा यांनी तो अलगद धरला आणि वाटीतलं कुंकू पेटीच्या झाकणाला लावायला सांगितलं. तारांवर पूड नको, एवढंच म्हणाले.

देव उठले. तुळशीचं लग्न लागलं. पहिली तारीख निघाली ती पुन्हा सुलतानपूरची, पंजाबरावांच्या धाकट्या मुलीची, निशिगंधाची. ती गार्गीच्या कॉलेजातली मैत्रीण. ड्रोन गार्गीचाच, नाहीतर नकोच, असा तिने हट्ट धरला. पत्रिका द्यायला पंजाबराव स्वतः आले. भला माणूस, तरी बोलायचं ते बोललेच. "महाराज, पोरगी आयकत नाही म्हनून ड्रोन तुमचाच लावून राह्यलो. पन औंदा बी पडला तं मी काही बोलनार नाही. गाव बोलते मंग." हे नुसते हसले. गार्गी चहा आणायला आत गेली ती बऱ्याच वेळाने बाहेर आली.

उडवायच्या आदल्या दिवशी बॅटऱ्या पूर्ण भरायच्या, असा नियम. लग्न सकाळचं, म्हणून गार्गी आदल्या दिवशी संध्याकाळी चार्जर घेऊन बसणार होती. दुपारी आभाळ भरून आलं. दिवाळीनंतर असा पाऊस येत नाही, पण आला, आणि पावसापेक्षा वारा जास्त. झाडं पडली, खांब वाकले आणि तालुकाभर लाईट गेली. फोन लावला तर सुलतानपूरकडेही तीच गत. इन्व्हर्टर जुना, दोन बल्ब लावले तरी धापा टाकतो, त्याने काही चार बॅटऱ्या भरल्या नसत्या. आमच्याकडे पिंपं भरलेली होती, हंडे भरलेले होते, पातेलीसुद्धा भरलेली होती आणि त्या चार बॅटऱ्या तेवढ्या निम्म्या.

मी बोलायला नको होतं, पण माझ्या तोंडून निघालंच, की भरून ठेवल्या असत्या तर. गार्गीने माझ्याकडे असं बघितलं की पुढचं वाक्य मी गिळलं. गुरुजी पंचांग मिटून म्हणाले, पहाटेच्या गाडीने निघू. तिथे काहीतरी असेल.

पहाटे आम्ही तिघं एसटीने मेहकर आणि तिथून जीपने सुलतानपूर गाठलं. बॅटऱ्यांची पिशवी गुरुजींच्या मांडीवर, शालीखाली. मांडव गावाबाहेर पंजाबरावांच्या शेतात होता, एका अंगाला कापसाचं पांढरं शेत आणि दुसऱ्या अंगाला तूर. लाईट नव्हतीच. मांडववाल्याचा जनरेटर होता, पण त्याला जोडलेले दिवे डोळे मिचकावत होते. गार्गीने बघितलं आणि नाही म्हणाली, या करंटला चार्जर लावला तर चार्जरही जाईल. डीजेवाल्याचा चांगला जनरेटर वरातीबरोबर येणार होता, म्हणजे नवरदेवासोबत, म्हणजे फार उशिरा.  गार्गी मांडवाच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि तिथे पाण्याच्या टँकरला जुंपलेला पंजाबरावांचा ट्रॅक्टर होता, त्याच्याकडे बघत राहिली.

तिचा चार्जर बारा व्होल्टच्या बॅटरीवरही चालतो. मोटारीच्या, ट्रॅक्टरच्या. चिमटे तिच्या बॅगेत होते, कधी वापरले नव्हते. तिने ट्रॅक्टरवाल्याला इंजिन चालू ठेवायला सांगितलं, म्हणजे त्याची बॅटरी उतरायला नको, आणि बॉनेट उघडून चिमटे लावले. चार्जरचा पडदा उजळला. पहिली बॅटरी लावली, आकडे उमटले आणि गुरुजींनी सवयीने मोठ्याने वाचले. सगळे कप्पे सारखे, केसाचा फरक नाही.

निम्म्या होत्या म्हणून निम्माच वेळ लागणार होता, तरी चार म्हणजे दोन-अडीच तास. शिवाय एकटं सोडायचं नाही. गार्गीला मांडवाची उंची, तारा, वाऱ्याची दिशा बघून यायचं होतं आणि गुरुजींना पुण्याहवाचनाला बसायचं होतं. मी राखणीला बसते म्हणाले, तर दोघांनीही माझ्याकडे अविश्वासाने बघितलं. शेवटी गुरुजींनी पंजाबरावांना सांगितलं, की ट्रॅक्टर इकडे घ्या, मांडवाच्या तोंडाशी, माझ्या नजरेसमोर. पंजाबरावांना काही उमजेना, पण आपल्या गुरुजींचं ऐकायची तीन पिढ्यांची सवय. टँकर सोडला आणि ट्रॅक्टर आला.

त्या दिवशीचं पुण्याहवाचन मी जन्मभर विसरणार नाही. इकडे पाटावर वधूचे आईवडील, कलशावर नारळ, आणि हाताच्या अंतरावर ट्रॅक्टर धडधडतोय. त्या आवाजावर मात करायला गुरुजी असे गरजत होते, की मंत्र मेहकरला ऐकू गेले असतील. मध्येच चार्जर टिंटिं करायचा. मग गुरुजी पंजाबरावांना डोळ्यांना पाणी लावून प्राणायाम करायला बसवायचे, सोवळ्यानिशी उठायचे, बॅटरी बदलायचे, आकडे वाचायचे, हात धुऊन परत बसायचे. पंजाबरावांनी त्या सकाळी जेवढा प्राणायाम केला तेवढा सगळ्या आयुष्यात केला नसेल. सोवळ्याचं काय झालं, हे मी विचारलं नाही. ते म्हणाले असते, व्रतस्थ वस्तूला विटाळ नसतो.

मुहूर्ताची वेळ आली आणि गेली. वरात वेशीवरच नाचत होती. आमचे गुरुजी मुहूर्त टळला की यजमानाला, नवरदेवाला, डीजेवाल्याला, कुणालाच सोडत नाहीत. लग्नंच्या लग्नं त्यांनी रागावून लावली आहेत. त्या दिवशी चौथी बॅटरी अजून चढत होती. वरातीकडून निरोप आला, की अजून थोडं नाचू द्या. गुरुजी चार्जरकडे बघून म्हणाले, नाचू द्या, पोरांची हौस आहे. पंजाबरावांनी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला नाही, इतकंच.

वरात आली तेव्हा चारही बॅटऱ्या भरलेल्या होत्या, ताज्या. बाराही महिने भरल्या पोटी बसलेल्या नव्हे, कामापुरत्या भरलेल्या. गार्गीने पहिली बसवली. ती सहज, न दाबता, जागेवर बसली. ड्रोन उचलला गेला आणि माझा जीव त्याच्यासोबत वर गेला.

वरात, घोडा, फेटे, तुरीचे गडद पट्टे, कापसाचं पांढरं शेत, सगळं टिपत तो हिंडला. बॅटरी पार कोरडी होऊ द्यायची नाही, म्हणून थोडी शिल्लक असतानाच ती खाली घ्यायची, बदलायची, पुन्हा वर. मग अंतरपाट धरला गेला आणि ड्रोन मांडवावर येऊन स्थिरावला, अगदी तिथेच जिथून तो गेल्या वेळी खाली आला होता. खाली कुजबुज सुरू झाली. पंगतीच्या बाजूला बायकांनी पापडांच्या टोपल्यावर चादर घातली, वर पदरही धरला. कुणीतरी हसलं. नवरीकडे कुणाचं लक्ष नव्हतं, सगळ्या माना वर.

मी गार्गीच्या शेजारी उभी होते.  तिच्या हातातल्या रिमोटच्या पडद्यावर बॅटरीचा आकडा उतरत होता, पण टप्प्याटप्प्याने, शहाण्यासारखा. गेल्या वेळी तो एकदम कोसळला होता. एक मंगलाष्टक झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. ड्रोन जागचा हलला नाही. शेवटचं झालं, लोकांनी अक्षतांच्या मुठी उचलल्या आणि गुरुजींनी मान वर केली. तीस वर्षांत त्यांना अंतरपाटावरून नजर काढताना मी पाहिलं नव्हतं. वर बघत त्यांनी आणखी एक मंगलाष्टक सुरू केलं, यादीत नसलेलं, सगळ्यात लांब, हळू चालीत. जमाव चुळबुळला. नवरदेव आल्हादने बिचाऱ्याने एक पाय बदलला. मला कळलं, ते लेकीला वेळ देत होते. बघा म्हणत होते सगळ्यांना, अजून आहे वर.

सावधान झालं. शेकडो हातांतून अक्षता वर उडाल्या आणि त्याच क्षणी गार्गीने ड्रोन सरळ उंच नेला. पडद्यावर मांडव लहान होत गेला, अक्षतांचा पिवळा शिडकावा, मग मांडव, मग शेत, मग अख्खं सुलतानपूर, नाला, रस्ता, देऊळ, विहार, शाळा. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. गार्गीने ओठ दातांत धरून तो खाली आणला, हळूच, ठरल्या जागी. पाती थांबली तेव्हा निशिगंधा बोहल्यावरून हार सांभाळत ओरडली, "गार्गे, जमलं बे!" आणि मांडवात जी टाळी पडली ती नवरा-नवरीला पडलेल्या टाळीपेक्षा मोठी होती.

पंजाबरावांनी तो पडदा हातात घेतला. स्वतःचं शेत त्यांनी असं कधी बघितलं नव्हतं. बोटाने बांध दाखवत गेले, विहीर दाखवत गेले. मग गार्गीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, मले वाटलं होतं तू लग्न खराब करशीन. तुनं तं माह्या बापाचं वावर दाखोलं मले." आणि डोळे पुसत पंगतीकडे गेले. मी बाजूला जाऊन भावाला फोन लावला आणि ती पुण्याची जागा दुसऱ्या कुणाला देऊन टाक म्हणाले.

गुरुजी ट्रॅक्टरच्या सावलीत चारही बॅटऱ्या मांडून बसले होते. उडून आलेल्या गरम असतात, त्या गार होऊ द्यायच्या आणि मगच पिशवीत, हे ते ट्रॅक्टरवाल्याला समजावत होते. तेवढ्यात नवरदेवाचे मामा आले, मलकापूरचे कापसाचे व्यापारी. त्यांच्या मुलीचं लग्न करायचं होतं. त्यांनी खिशातून मुलामुलीच्या पत्रिका काढल्या, गुरुजींच्या पाया पडले आणि चांगला मुहूर्त काढून द्या म्हणाले.

गुरुजींनी पंचांग उघडलं. पानं उलटली, बोट ठेवलं, तोंडातल्या तोंडात काही मोजलं. मग पंचांग मिटून मांडीवर ठेवलं.

"आधी तिकडे जा," ते गार्गीकडे हात करून म्हणाले, "तिची कोणती तारीख मोकळी आहे ते विचारून या. मुहूर्त मी त्यावर बसवतो."

मामा गेले. त्यांच्या मागे आणखी दोघं जण गार्गीसमोर रांगेत उभे होते आणि गुरुजी पंचांग मांडीवर धरून, आपली पाळी यायची वाट बघत बसले होते.